टीनाने कोर्टात काय मागितलं?

१९७८ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियात एका घटस्फोटाचा निकाल लागला. नवरा-बायको दोघंही नावाजलेले कलावंत. सोळा वर्षांचा संसार, घर, स्वतःचा स्टुडिओ, वीस वर्षांची रेकॉर्डिंग्ज आणि या सगळ्यावर कर्जाचा बोजा. भांडायला विषय भरपूर होते. बाईने पैशाअडक्याच्या दाव्यांवर एकेक करत पाणी सोडलं आणि एका गोष्टीवर अडून बसली. स्टेजवरचं नाव माझ्याकडे राहील, एवढं तिचं म्हणणं होतं. ते नाव म्हणजे टीना टर्नर.

टीनाबद्दल आपल्याकडे जे काही वाचायला मिळतं, त्यात ही गोष्ट एका ओळीत उरकली जाते. मारकुटा नवरा, त्याच्या तावडीतून सुटका, मग जगभर कीर्ती. सिनेमाला पुरेल अशी कथा आहे आणि तिच्यावर सिनेमा निघालाही. माझ्या मते मात्र तिच्या आयुष्यातला सगळ्यात शहाणा निर्णय कोणता, तर ही मागणी. आपल्या बायकांनी, त्यातही मुस्लिम बायकांनी, ती नीट समजून घ्यावी असं मला फार वाटतं.

गंमत अशी की हे नाव तिचं नव्हतंच. २६ नोव्हेंबर १९३९ रोजी टेनेसी राज्यातल्या ब्राउन्सव्हिलमध्ये जी मुलगी जन्मली, तिचं नाव अ‍ॅना मे बुलॉक. ती वाढली शेजारच्या नटबुश नावाच्या वस्तीत. चहूकडे कापूस. वडील शेतमजुरांवर देखरेख करायचे, पोरी कापूस वेचायच्या. बोंडाच्या टोकदार पाकळ्यांनी बोटं कशी सोलवटतात, हे विदर्भ-खानदेशातल्या वाचकांना सांगायला नको. आईबापाचं पटत नव्हतं. अ‍ॅना अकरा वर्षांची असताना आई एक दिवस घर सोडून निघून गेली, पुढे बापही गेला. आजीने सांभाळलं. गाणं आलं ते रविवारच्या चर्चमधून. आजी वारल्यावर सोळाव्या वर्षी ती सेंट लुइसला आईकडे आली आणि तिथल्या एका क्लबात तिने आइक टर्नरचा बँड ऐकला.

आइक साधा माणूस नव्हता, हेही सांगितलं पाहिजे. १९५१ मधलं त्याच्या बँडचं ‘रॉकेट ८८’ हे गाणं जगातली पहिली रॉक अँड रोल रेकॉर्ड म्हणून पुष्कळ जाणकार मानतात. त्याला कान होता, शिस्त होती, कोणाकडून काय काढून घ्यायचं हे कळत होतं. एका रात्री मध्यंतरात अ‍ॅनाच्या हाती माइक आला आणि ती बी. बी. किंगचं गाणं गायली. एवढ्याशा अंगातून एवढा खरखरीत, भरलेला आवाज कसा येतो, म्हणून आइक चकित झाला. तिला त्याने बँडमध्ये घेतलं.

१९६० मध्ये एक गायक रेकॉर्डिंगला आलाच नाही, म्हणून ‘अ फूल इन लव्ह’ हे गाणं तिच्याकडून गाऊन घेतलं. कंपनीला ते आवडलं. रेकॉर्ड छापायची वेळ आली तेव्हा आइकने तिचं नाव बदललं. त्या काळी जंगलात राहणाऱ्या शीना नावाच्या शूर बाईची मालिका गाजत होती. शीनाला जुळणारं टीना, आणि आडनाव स्वतःचं. लग्न तेव्हा झालेलंही नव्हतं. ते १९६२ मध्ये झालं. तिला विचारलं नाही, नंतर कळवलं. तिने कुरकूर केली तेव्हा बुटाच्या लाकडी साच्याने मार खाल्ला, असं तिने स्वतःच पुढे सांगितलं आहे. एवढं करून आइकने ते नाव आपल्या मालकीचं म्हणून नोंदवून टाकलं. हिशोब सरळ होता. उद्या ही गेली, तर दुसरी कोणी आणून तिला टीना म्हणून उभी करता येईल. दुकानाची पाटी तीच, माणूस बदलला तरी गिऱ्हाईक तुटणार नाही.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या शाळेतली दाखल्यांची कामं आठवली. मुलाच्या प्रवेशाला आलेली आई आपलं नाव सांगताना अडखळते. माहेरचं एक, सासरी ठेवलेलं दुसरं, आधार कार्डावर तिसरंच. निकाहनंतर नाव बदलायला दीन सांगत नाही. हजरत आयशा शेवटपर्यंत आयशा बिन्ते अबू बक्रच राहिल्या. पैगंबरांची (स.) पत्नी होण्याइतकं मोठं नातं दुसरं कोणतं, तरी बापाचं नाव पुसलं गेलं नाही. आपण मात्र इथल्या रिवाजाप्रमाणे मधलं नाव बदलतो, काही घरांत पहिलंही बदलतो आणि त्यालाच रीत म्हणतो.

टीनाच्या बाबतीत पुढे जे झालं ते आइकने ठरवलेलं नव्हतं. पाटी त्याने रंगवली, दुकान हिने चालवलं. ‘आइक अँड टीना टर्नर रिव्ह्यू’ हा त्यांचा फिरता कार्यक्रम होता. बँड, मागे नाचत-गात साथ करणाऱ्या मुली, आणि मध्यभागी टीना. गावोगाव, रात्रीमागून रात्री. काळ्या लोकांना अजून पुष्कळ हॉटेलांत खोली मिळत नव्हती, त्या काळात बसमधून हा संसार फिरत होता. या फिरतीत तिने जे घडवलं, ते आज रॉकच्या रंगमंचावरच्या बाईचं रूप म्हणून ओळखलं जातं. त्याआधी गायिका माइकसमोर उभी राहून गायची, फार तर हात हलवायची. टीना पळत यायची. उंच टाचांवर छोटी छोटी वेगवान पावलं टाकत ती रंगमंचाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायची, मान झटकायची, केस उडायचे, आणि एवढं करून श्वास तुटायचा नाही. नाचणाऱ्या मुलींची बरीचशी पावलं ती स्वतः बसवायची.

‘प्राउड मेरी’ हे त्यातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण. गाणं मुळात क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल या बँडच्या जॉन फोगर्टीचं. आइक-टीनाच्या आवृत्तीत त्याचे दोन भाग झाले. सुरुवातीला ती संथपणे गाते, प्रेक्षकांशी गप्पा मारल्यासारखी, आइकचा खर्जातला आवाज खाली चालू असतो. श्रोता सैलावतो. मग एका क्षणी ढोल, पितळी वाद्यं आणि पावलं एकदम सुटतात. कव्वालीत संथ सुरुवातीनंतर टाळी दुगुनीवर गेली की मैफिलीत जे होतं, तसंच काहीसं इथेही होतं. ती १९७१ मध्ये आलेली रेकॉर्ड अमेरिकेत चौथ्या क्रमांकापर्यंत गेली आणि दोघांना ग्रॅमी मिळालं. दोन वर्षांनी तिने स्वतःच्या वस्तीवर ‘नटबुश सिटी लिमिट्स’ हे गाणं लिहिलं. शब्द तिचे, आठवणी तिच्या.

१९६६ मध्ये निर्माता फिल स्पेक्टरने ‘रिव्हर डीप, माउंटन हाय’ तिच्याकडून गाऊन घेतलं. आइकने रेकॉर्डिंगपासून लांब राहावं म्हणून त्याला वेगळे पैसे मोजले गेले. रेकॉर्डवर नाव मात्र दोघांचं. अमेरिकेत ते गाणं पडलं. रेडिओवाल्यांना ते धड काळ्यांचं वाटेना, धड गोऱ्यांचं वाटेना. इंग्लंडमध्ये तिसऱ्या क्रमांकावर गेलं आणि रोलिंग स्टोन्सबरोबर दौरा मिळाला. तिला कळलं की आपल्याला कोणतं गाणं गायचंय. ब्लूजच्या मुळातून उगवलेलं रॉक गोऱ्या पोरांच्या मालकीचं होऊन बसलं होतं, आणि ज्यांच्या दारातून ते उगवलं त्या काळ्या बाईला दुकानात दुसऱ्या फळीवर ठेवलं जात होतं.

पडद्यामागे मार चालूच होता. रक्ताळलेल्या तोंडाने तिने कार्यक्रम केले आहेत. १९६८ मध्ये तिने स्वतःला संपवायचा प्रयत्न केला, त्यातून वाचली. मग ती थांबली का, असा प्रश्न लोक विचारतात. चार मुलं होती. दोन तिने जन्म दिलेली, दोन आइकची आधीची. चौघांना तीच वाढवत होती. पैसा एक डॉलरही तिच्या हातात नव्हता. आइकला यशाच्या काठावर लोक सोडून जातात, मी सोडणार नाही, असा शब्द तिने अगदी सुरुवातीला दिला होता, आणि आई आपल्याला टाकून गेली ही जखम असलेल्या मुलीने दिलेला शब्द होता तो.

आपल्याकडे याला सब्र म्हणतात. माहेरी आलेल्या मुलीला खाला, फूफी, शेजारणी सगळ्या सब्र कर म्हणून परत पाठवतात. सब्र मोठी गोष्ट आहे, मी तिला हलकं लेखत नाही. पण सूरह अस्र आपण सगळेच नमाजमध्ये पढतो. त्यात सब्राच्या आधी हक येतो. हकाची ताकीद वगळून नुसती सब्राची ताकीद करायची, आणि तीही फक्त बाईला, ही सोय आपण लावून घेतलेली आहे.

१९७६ च्या जुलैच्या सुरुवातीला ते डॅलसमध्ये कार्यक्रमासाठी आले. विमानतळावरून हॉटेलकडे जाताना गाडीत मारहाण झाली, आणि या वेळी पहिल्यांदा तिने उलट हात चालवला. हॉटेलात आइक झोपल्यावर तिने डोक्याला फडकं गुंडाळलं आणि मागच्या बाजूने बाहेर पडली. हमरस्त्यावर ट्रक धावत होते. तो रस्ता पळत ओलांडून ती समोरच्या रामादा इन या हॉटेलात गेली. खिशात ३६ सेंट आणि पेट्रोलपंपाचं एक कार्ड. मॅनेजरने तिला ओळखलं आणि खोली दिली. त्याच महिन्यात तिने घटस्फोटाचा अर्ज केला.

पुढच्या सगळ्या वाटाघाटींत सांगण्याच्या ओघात थोडी अतिशयोक्ती शिरली आहे. अंगावरच्या कपड्यांनिशी ती बाहेर पडली हे खरं, पण निकालात तिच्या दोन जग्वार गाड्या, दागिने आणि स्वतः लिहिलेल्या गाण्यांची लेखिका म्हणून मिळणारी रॉयल्टी तिच्याकडे राहिली. घर आणि स्टुडिओ गेला. तिच्या गाण्यांच्या प्रकाशनाचे हक्कसुद्धा आइककडे गेले. नटबुशवरचं गाणंही त्यात. ती निघून गेल्यामुळे जे कार्यक्रम रद्द झाले, त्यांची भरपाई मात्र हिच्या डोक्यावर आली. करखात्याचं देणंही. इतकं सगळं अंगावर घेऊन तिने नाव मागितलं.

इथे मला साबित बिन कैस यांच्या पत्नीची हदीस आठवते. खुलाची चर्चा निघाली की आलिम हीच हदीस सांगतात. सहीह बुखारीत आहे. ती बाई पैगंबरांकडे (स.) आली. तिने सांगितलं की नवऱ्याच्या दीनात किंवा अखलाकात मला दोष काढायचा नाही, पण मला त्याच्याबरोबर राहणं होत नाही. त्याने मेहर म्हणून दिलेली बाग परत करशील का, एवढंच तिला विचारलं गेलं. ती हो म्हणाली. बाग परत झाली, बाई मोकळी झाली. अबू दाऊदमधल्या एका रिवायतीत तर तिला नवऱ्याने मारून जखमी केल्याचाही उल्लेख आहे. सब्र कर आणि घरी जा, असं तिला सांगितलं गेलं नाही. आणखी एक बारकावा. बुखारीतल्या प्रसिद्ध रिवायतीत तिची ओळख साबितची पत्नी एवढीच येते. दुसऱ्या रिवायतींत कुठे जमीला, कुठे हबीबा. एवढ्या मोठ्या कायद्याचा पाया जिच्या प्रश्नावर उभा आहे, तिच्या नावावर एकमत नाही.

टीनाने जे केलं ते याच जातीचं होतं. बाग परत केली. पण आजच्या काळात आपल्या मोहल्ल्यांत हे ज्या पद्धतीने चालतं, त्यावर बोललं पाहिजे. सुटका हवी तर मेहर माफ कर, सामान सोड, मुलांच्या खर्चाचं बोलू नको, अशी यादी बाईपुढे ठेवली जाते, आणि ती थकलेली असल्यामुळे अंगठा उठवून मोकळी होते. १९३९ चा मुस्लिम विवाह विच्छेद कायदा (टीना ज्या वर्षी जन्मली त्याच वर्षीचा) क्रूरता हे बाईला घटस्फोट मागण्याचं कारण म्हणून मान्य करतो. त्याच कायद्याच्या पाचव्या कलमात म्हटलंय की या कायद्याने लग्न मोडलं तरी बाईचा मेहरवरचा हक्क आपोआप जात नाही. मारणाऱ्या नवऱ्याला बाग परत करायची गरज नसते. हे कलम किती मुलींच्या अम्मीअब्बांना माहीत आहे? बी.एड.ला आम्हाला शिक्षणहक्काचे कायदे पाठ करायला लावले, हे एक पान कोणी दाखवलं नाही.

टीनाने सोडलेल्या आणि राखलेल्या गोष्टींकडे या नजरेने पाहा. घर पुन्हा घेता येतं. दागिने पुन्हा करता येतात. वीस वर्षं रोज रात्री घाम गाळून लोकांच्या मनात जे उभं केलं ते त्या दोन शब्दांत साठलेलं होतं. अ‍ॅना मे बुलॉक या नावाने ती बाहेर पडली असती, तर अडतीस वर्षांच्या चार पोरांच्या काळ्या आईला कोणत्या क्लबाने दार उघडलं असतं? आणि आइकने खरोखरच दुसरी टीना उभी केली असती. नाव त्याने ठेवलं होतं हे खरं. त्या नावाला अर्थ तिने दिला होता, आणि कोर्टात तिने मागितली ती आपली मजुरी होती.

नंतरची पाच-सहा वर्षं कोणी फार सांगत नाही. मला ती सगळ्यात मोलाची वाटतात. काही काळ तिने सरकारी अन्नकुपनांवर घर चालवलं. टीव्हीवरच्या खेळांच्या कार्यक्रमांत पाहुणी म्हणून बसली. लास व्हेगासच्या हॉटेलांत जेवणाऱ्या लोकांसमोर गायली. तिचे त्या काळातले दोन अल्बम, १९७८ चा ‘रफ’ आणि १९७९ चा ‘लव्ह एक्स्प्लोजन’, कोणी विचारले नाहीत. जुन्या कार्यक्रमांची देणी फेडायची होती आणि ती गाऊनच फेडायची होती. मग रॉजर डेव्हिस हा तरुण ऑस्ट्रेलियन मॅनेजर तिला भेटला. पुढे काय करायचंय यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं. रॉक गायचंय, आणि रोलिंग स्टोन्स भरवतात तशी स्टेडियमं भरवायची आहेत. चाळिशी ओलांडलेल्या बाईचं हे उत्तर ऐकून त्या धंद्यातले लोक हसले असतील, तर त्यांना दोष देता येणार नाही.

१९८३ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या रिट्झ क्लबात तिचा कार्यक्रम होता. रेकॉर्ड कंपनीचे साहेब लोक डेव्हिड बोवीबरोबर पार्टीच्या बेतात होते. बोवी म्हणाला, मी माझ्या आवडत्या गायिकेला ऐकायला चाललोय. साहेबही मागोमाग गेले. त्यांच्याच यादीतली ही गायिका त्यांनी त्या रात्री नीट पाहिली. मे १९८४ मध्ये ‘प्रायव्हेट डान्सर’ आला. इंग्लंडमध्ये घाईघाईत, वेगवेगळ्या निर्मात्यांकडे केलेला अल्बम. ‘व्हॉट्स लव्ह गॉट टू डू विथ इट’ हे गाणं तिला आधी मुळीच आवडलं नव्हतं, फार गुळमुळीत वाटलं. तिने ते आपल्या आवाजात ओढून घेतलं. तिचा तो खरखरीतपणा आणि गाण्याची थंड चाल यांच्यात जे ताणलेलं अंतर आहे, तिथेच त्या गाण्याची सगळी जान आहे. चव्वेचाळीसाव्या वर्षी ती अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. अल्बमच्या एक कोटीहून जास्त प्रती खपल्या. पुढच्या वर्षी ‘रेकॉर्ड ऑफ द इयर’चं ग्रॅमी मिळालं, आणि रॉक गायिकेचं ग्रॅमी तर १९८५ पासून सलग तीन वर्षं. जानेवारी १९८८ मध्ये रिओच्या माराकाना स्टेडियममध्ये १ लाख ८० हजारांहून अधिक माणसं फक्त तिच्यासाठी आली.

तिच्या कपड्यांवर येते, कारण ही गोष्ट सांगितली की आपल्यातलं कोणीतरी तिथेच अडकतं. आखूड चामडी स्कर्ट, जाळीचे मोजे, सिंहाच्या आयाळीसारखे केस. मी स्वतः ओढणी सावरून वर्गात जाणारी बाई आहे, तिचा पोशाख कोणी अंगिकारावा असं सुचवत नाही. तिचं स्पष्टीकरण मात्र एखाद्या कामगार बाईचं आहे. चामड्यावर घामाचे डाग दिसत नाहीत, जाळीचे मोजे लवकर फाटत नाहीत, आखूड कपड्यात पाय मोकळे राहतात. केस म्हणजे टोप होता. तरुणपणी केसांना रंग उडवायचं औषध लावताना पार्लरमध्ये गडबड झाली, केस गळले आणि टोप आला. स्टेजवरची ही वाघीण घरी अगदी नीटनेटकी, शांत, दारू आणि नशेपासून लांब राहणारी होती. चाळीस वर्षं धुराने भरलेल्या क्लबांत वावरून लांब राहिली. ज्यांना फक्त पाय दिसले, त्यांना बाकीची बाई दिसलीच नाही.

लोकांना आणखी एका गोष्टीने झपाटलेलं होतं. १९८१ मध्ये तिने ‘पीपल’ साप्ताहिकाला मुलाखत देऊन मारहाणीची हकिगत उघड केली. एकदा सांगून टाकलं की आइकबद्दलचे प्रश्न संपतील, हा तिचा अंदाज होता. उलटंच झालं. १९८६ मध्ये ‘आय, टीना’ हे आत्मकथन आलं, त्यावर १९९३ मध्ये सिनेमा आला, अँजेला बॅसेटने ती भूमिका केली. तो सिनेमा पाहायची टीनाला इच्छा नव्हती. प्रत्येक मुलाखतीत पत्रकार नव्या रेकॉर्डबद्दल दोन प्रश्न विचारायचे आणि तिसऱ्याला आइक यायचा. २०२१ मध्ये आलेल्या ‘टीना’ या माहितीपटात तिच्या चेहऱ्यावरचा तो कंटाळा दिसतो. मार खाणं सोळा वर्षांत संपलं. त्याबद्दल सांगणं चाळीस वर्षं संपलं नाही.

मला हे फार ओळखीचं वाटतं. एखादी तलाकशुदा शिक्षिका शाळेत लागली, तिचा वर्ग उत्तम निघाला, तिची मुलं स्पर्धेत पहिली आली, तरी स्टाफरूममध्ये ती तलाकवाली असते. सहानुभूती दाखवणारेही तेच करतात, किंबहुना तेच जास्त करतात. तिच्या कामाबद्दल विचारायचं सुचत नाही, तिच्या नवऱ्याबद्दल विचारायचं सुचतं. आइकने १९९९ मध्ये स्वतःचं आत्मचरित्र काढलं. त्यात हात उचलल्याचं त्याने कबूल केलं आणि त्याला मारहाण म्हणायला नकार दिला. पुस्तकाचं नाव होतं ‘टेकिन बॅक माय नेम’. माझं नाव परत घेतोय. २००७ मध्ये तो वारला.

तिच्या धर्माबद्दल थोडं. बॅप्टिस्ट चर्चमध्ये वाढलेली टीना सत्तरच्या दशकात निचिरेन या जपानी बौद्ध पंथाकडे वळली. आपल्या महाराष्ट्रातल्या धम्माशी याची गल्लत करू नये; हा पंथ सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या नावाचा जप करणारा. आइकच्या घरात राहत असतानाच तिने तो जप सुरू केला आणि त्यातूनच बाहेर पडायचं बळ आलं, असं ती कायम सांगत राहिली. वजीफा पढणाऱ्या आपल्या आजी-नानींना यात नवल वाटणार नाही. तोंडाने एक शब्द हजारदा घेतला की मन ताळ्यावर येतं, हे त्यांनाही ठाऊक होतं. २००९ पासून तिने स्वित्झर्लंडमध्ये ‘बियाँड’ या प्रार्थनागीतांच्या अल्बममालेत भाग घेतला. त्यात वेगवेगळ्या धर्मांच्या गायिका आहेत. सीरियाच्या दिमा ओर्शो आहेत, आणि आपल्या पुण्याच्या सावनी शेंडे-साठयेही आहेत. नटबुशच्या कापसातून आलेल्या आवाजाशेजारी पुण्याचा ख्यालाचा आवाज. ऐकून पाहा, स्टेजवरची टीना तिथे सापडणार नाही.

२००९ मध्ये, सत्तरीला टेकल्यावर, तिने शेवटचा दौरा संपवला. अर्विन बाख या जर्मन माणसाबरोबर ती झुरिकजवळच्या क्युस्नाख्टमध्ये राहत होती. सत्तावीस वर्षांच्या सोबतीनंतर २०१३ मध्ये त्यांनी लग्न केलं. तिची मूत्रपिंडं निकामी झाली तेव्हा २०१७ मध्ये त्याने स्वतःचं एक दिलं. लग्नानंतर तिने नाव बदललं नाही. २४ मे २०२३ रोजी, ८३ व्या वर्षी, ती तिथेच वारली.

१९९१ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमने ‘आइक अँड टीना टर्नर’ या जोडीला मान दिला होता. आइक तेव्हा तुरुंगात होता, टीना गेली नाही, पुरस्कार फिल स्पेक्टरने घेतला. ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याच संस्थेने तिला एकटीला, एकटीच्या नावाने पुन्हा आत घेतलं. तिची ओळख करून द्यायला अँजेला बॅसेट उभी होती, आणि टीना घरूनच पडद्यावर बोलली. त्याच महिन्यात तिने बीएमजी या कंपनीशी एक करार केला. गाण्यांवरचे आपले हक्क तिने विकले, आणि त्यांच्याबरोबर टीना टर्नर हे नाव वापरण्याचे हक्कही. किंमत या वेळी तिने ठरवली.